टेकडीच्या उतारावर लाकडी घर, तेही नागपूरच्या उन्हात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काटोल रोड, हिंगणा किंवा मनसर-रामटेककडे उतारावरचा प्लॉट घेतला की मनात बहुधा मनालीचं किंवा कूर्गचं घर असतं: दरीकडे तोंड, जमिनीपासून छतापर्यंत काच, सगळीकडे लाकूड. तेच घर इथे जसंच्या तसं उभं केलं तर मे महिन्यात त्यात बसवणार नाही. उतार, लाकूड आणि दिवसाचा उजेड या तिन्ही गोष्टी नागपुरात उपयोगी आहेत, पण इथे घराचा नकाशा सावलीपासून सुरू करावा लागतो. पुढचे प्रश्न घर बांधू पाहणारे लोक नेहमी विचारतात ते आहेत.

प्रश्न: सपाट प्लॉट सोडून उतारावर बांधण्यात फायदा काय?

सर्वांत मोठा फायदा मातीचा. जमिनीखाली तीन-चार मीटरवर तापमान वर्षभर फारसं हलत नाही. ते त्या गावाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहतं. नागपुरात ही सरासरी साधारण २७ अंश आहे. बाहेर ४४ असताना ज्या भिंतीच्या मागे माती आहे ती भिंत तापत नाही. सपाट जागेवर हे साधायचं तर तळघर खोदावं लागतं. उतारावर घराची मागची बाजू आपोआप टेकडीत जाते आणि पुढची बाजू मोकळी राहते.

दुसरा फायदा रात्रीचा. सूर्य मावळल्यावर टेकडीचा माथा लवकर गार होतो आणि ती गार हवा हळूहळू उताराने खाली येते. वरच्या बाजूला लहान खिडक्या आणि खालच्या बाजूला मोठ्या ठेवल्या तर ही हवा घरातून जाते. तिच्या वाटेत विटांची उंच कंपाउंड वॉल घातली की हा फायदा संपला.

यातूनच खोल्यांची मांडणी ठरते. दिवसा वापरायच्या खोल्या, म्हणजे बैठक, स्वयंपाकघर, अभ्यासाची जागा, खालच्या पातळीवर, जाड भिंतींच्या आणि मातीला टेकलेल्या असाव्यात. झोपायच्या खोल्या वर, हलक्या बांधणीच्या आणि वाऱ्यावर असाव्यात. जाड भिंत दिवसभर जे ऊन पिते ते रात्री आत सोडते. नऊ इंची विटेच्या पश्चिम भिंतीला टेकून रात्री अकरा वाजता कोणी झोपलं असेल तर त्याला हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न: कोणत्या दिशेचा उतार चांगला?

माझी पहिली पसंती पूर्वेच्या उताराला. टेकडी पाठीशी, म्हणजे पश्चिमेला असते, त्यामुळे दुपारनंतर तिचीच सावली घरावर लवकर येते. दक्षिण आणि उत्तर उतार सांभाळता येतात.

पश्चिम उतार मात्र विचार करूनच घ्यावा. सूर्यास्ताचं दृश्य दाखवूनच असे प्लॉट विकले जातात. पण एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन ते सहा या वेळात सूर्य खाली आलेला असतो, हवा दिवसातली सर्वांत तापलेली असते आणि कोणताही छज्जा ते तिरपं ऊन अडवू शकत नाही. असा प्लॉट आधीच घेतला असेल तर पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली आणि खोल ओसरी द्या. सूर्यास्त ओसरीत बसून बघा, काचेतून नको.

प्लॉट पाहायला जानेवारीत सकाळी जाऊ नका. मेमध्ये दुपारी चारला जा.

प्रश्न: परवानगीचं काय?

उतार १:५ किंवा त्याहून तीव्र असेल तर तिथे बांधकाम मिळणार नाही असं धरूनच चाला. पाच मीटर आडवं जाताना एक मीटर चढ, असं हे प्रमाण. मोजायला मोठं यंत्र लागत नाही. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी, दोन काठ्या आणि टेप पुरतो. प्लॉटच्या वरच्या आणि खालच्या टोकाला काठ्या रोवा, नळीतलं पाणी दोन्हीकडे स्थिर झालं की खुणा करा आणि प्रत्येक खुणेची जमिनीपासूनची उंची मोजा. दोन्ही उंचींतला फरक म्हणजे चढ.

जमीन अकृषक आहे का, वनजमीन किंवा झुडपी जंगलाची नोंद आहे का, हे सातबाऱ्यावरून आणि मोजणी नकाशावरून तपासा. प्लॉट मनपाच्या हद्दीत आहे, नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) की महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, यावर अर्ज कुठे करायचा ते ठरतं. प्लॉटवरचा साग स्वतःचा असला तरी विनापरवाना तोडता येत नाही. त्यासाठी १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. मी तर म्हणेन, पश्चिमेचं झाड असेल तर घरच दोन मीटर सरकवा.

प्रश्न: घरात भरपूर उजेड हवा आहे, पण उजेडासोबत उष्णता येतेच ना?

ऊन आत आलं तर येते. आपल्याला आकाशाचा उजेड हवा असतो, थेट ऊन नको असतं. हे साधणं बरंचसं भूमितीचं काम आहे आणि नागपूरची भूमिती थोडी वेगळी आहे.

नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि मग जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, नेमका याच सुमारास, २५ मेच्या आसपास सुरू होतो. २१ डिसेंबरला मात्र हाच सूर्य दुपारी बाराला दक्षिणेला फक्त ४५ अंशांवर असतो.

आता दक्षिणेची एक खिडकी घ्या, चार फूट उंच, आणि तिच्या डोक्याला लागून पावणेदोन फुटांचा छज्जा. २१ मार्चपासून २३ सप्टेंबरपर्यंत या खिडकीच्या काचेवर थेट ऊन पडत नाही, दिवसभरात कधीच नाही. डिसेंबरमध्ये त्याच छज्जाखालून दुपारचं ऊन खिडकीच्या खालच्या निम्म्याहून जास्त भागावर येतं आणि थंडीच्या दिवसांत फरशी उबदार करतं. एकही वायर नाही, एकही मोटर नाही. मात्र भिंत खरोखर दक्षिणेला हवी. प्लॉट तिरपा असेल तर हिशोब बदलतो.

उत्तरेची खिडकी सुरक्षित असते असं सगळे म्हणतात. पुण्या-मुंबईतही आणि इथेही ते पूर्ण खरं नाही. जूनमध्ये सूर्य उगवतो तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे आणि मावळतोही तसाच. त्यामुळे सकाळी आणि दुपारी चारनंतर उत्तरेच्या काचेवर घासून जाणारं ऊन येतं. त्याला आडवा छज्जा कामाचा नाही. खिडकीच्या पश्चिम कडेला उभी फळी लागते. चार फुटी रुंद खिडकीला सव्वा फुटाची फळी दुपारी चारच्या सुमाराचं ऊन थांबवते. मावळतीचंही अडवायचं असेल तर मधे आणखी एक फळी घाला.

उजेड किती आत जातो याचा गवंडी-सुताराला कळेल असा ठोकताळा: जमिनीपासून खिडकीच्या डोक्यापर्यंत जितकी उंची, त्याच्या दुप्पट ते अडीचपट. सात फुटांवर लिंटल असेल तर पंधरा-सतरा फुटांपर्यंत कामाचा उजेड मिळतो. उतारावर खोलीची मागची भिंत मातीत असते, उजेड एकाच बाजूने येतो. म्हणून अशा खोल्या पंधरा फुटांपेक्षा खोल करू नका. करावीच लागली तर दोन छपरांच्या उंचीत फरक ठेवून मधल्या पट्ट्यात उंच झरोके द्या. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांत व्हेंटिलेटर इतक्या वर का असायचे, ते अशा खोलीत उभं राहिलं की कळतं: उजेड छताला लागून खोलवर येतो आणि तापलेली हवा तिथूनच बाहेर पडते.

आणखी एक गोष्ट, जी लाकूड आवडणारे हमखास विसरतात. गडद पॉलिश केलेलं सागाचं छत आणि गडद पॅनेलिंग उजेड खाऊन टाकतं आणि मग भर दुपारी दिवे लावावे लागतात. छत पांढऱ्या चुन्याचं ठेवा, खिडकीच्या दोन्ही बगला पांढऱ्या ठेवा. लाकूड खाली, हाताला लागेल तिथे असू द्या.

प्रश्न: छतात काचेचा स्कायलाइट बसवला तर?

नको. मेमध्ये सूर्य डोक्यावर असताना आडव्या काचेच्या एका चौरस मीटरवर दुपारी ९०० ते १००० वॉट ऊर्जा पडते. म्हणजे मधल्या चौकाच्या वर एक हीटर उलटा टांगण्यासारखं आहे. छतातून उजेड हवाच असेल तर उभी काच उत्तरेकडे तोंड करून, वर पुढे आलेल्या छपराखाली बसवा.

प्रश्न: सगळ्याच भिंती लाकडाच्या करता येतील का?

करता येतील, पण मी सुचवणार नाही. लाकूड उष्णता अडवतं, साठवत नाही. सागाची उष्णतावाहकता ०.१५ च्या आसपास, काँक्रीटची दीडच्या वर आणि ॲल्युमिनियमची दोनशेच्या घरात. म्हणून खिडकीची चौकट लाकडाची असणं खरंच फायद्याचं आहे. पण नागपूरच्या दिवसा-रात्रीच्या फरकात खालच्या मजल्याला जड भिंतही हवी, जी रात्रीचा गारवा धरून ठेवेल. महालातल्या जुन्या वाड्यांनी हे फार नीट साधलं होतं: भिंत माती-विटेची जाड, सांगाडा सागाचा, मधे चौक.

माझी विभागणी अशी. खाली, मातीला टेकलेल्या बाजूला काळा दगड किंवा वीट. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांमुळे इथे फ्लाय ॲशच्या विटा सहज मिळतात, त्याही चालतात. वरच्या मजल्याचे खांब, तुळया, छपराच्या कैच्या लाकडाच्या. आणि सगळ्यांत जास्त लाकूड घराच्या बाहेर: ओसरी, उभ्या फळ्या, पश्चिमेच्या भिंतीपुढे फूटभर अंतर सोडून लावलेली पट्ट्यांची जाळी. लाकडाचा खरा उपयोग इथे सावली करण्यात आहे. भिंतीपर्यंत ऊन पोचण्याआधीच ते अडवलं की आतलं निम्मं काम झालं.

प्रश्न: लाकूड कोणतं घ्यावं आणि कुठून?

विदर्भात राहून आयात पाइन घ्यायची गरज नाही. आलापल्ली-बल्लारपूरचा साग देशात नावाजलेला आहे. २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठीही साग नागपुरातून गेला. लकडगंजमध्ये आरामशीनवर कापून मिळतो. घेताना गाभ्याचंच लाकूड घ्या. कडेचा पांढरा भाग कीड आणि वाळवी आधी खाते. पक्की पावती आणि वाहतूक परवाना मागून घ्या, संकोच करू नका. परवाना नसलेलं लाकूड स्वस्त पडतं, पण ते जंगलातून कसं आलं याचा विचार ज्याला टेकडीवर राहायचंय त्याने तरी करायला हवा.

सगळीकडे सागच हवा असं नाही. ऐन आणि बीजा ही लाकडंही कणखर आहेत. पट्ट्यांच्या जाळ्या आणि छताखालच्या चटयांना बांबू उत्तम. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात नीट मुरवलेला असावा, नाहीतर भुंगा लागतो. आणि जुनं लाकूड मिळालं तर ते आधी घ्या. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया कित्येक दशकं वाळलेल्या असतात, त्या आता वाकत नाहीत. खिळे मात्र एकेक करून काढून घ्यावे लागतात, नाहीतर आरीचं पातं जातं.

प्रश्न: वाळवीचं काय?

टेकडीच्या मुरमाड जमिनीत ती असतेच. पायाभरणीच्या वेळी वाळवी-प्रतिबंधक फवारणी करून घ्या, पण फक्त औषधावर विसंबू नका. लाकडाचा मातीशी कुठेही थेट संबंध येऊ द्यायचा नाही, हाच खरा उपाय. जुन्या वाड्यांत लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो. तळखडा जमिनीवर वीतभर तरी दिसतो, त्यामुळे वाळवीला मातीची वाट बांधत उघड्यावरून चढावं लागतं आणि ती नजरेला पडते. आजही तसंच करा: जमिनीपासून दीड फूट वर दगड किंवा काँक्रीट, त्यावर लोखंडी चप्पल, त्यावर खांब. आणि तो खांब फिरून चहूबाजूंनी बघता आला पाहिजे. पॅनेलिंगमागे दडवू नका. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा टॉर्च घेऊन ओळीने सगळे खांब तपासा.

प्रश्न: पावसाळ्यात दारं फुगतात, उन्हाळ्यात फटी पडतात. यावर इलाज?

मेमध्ये दुपारची हवा अगदी कोरडी असते, आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर असते. लाकूड श्वास घेणारच. मेमध्ये घट्ट बसवलेलं दार ऑगस्टमध्ये अडकणार आणि ऑगस्टमध्ये नेमकं बसवलेलं दार मेमध्ये फट दाखवणार. सुताराला महिना सांगून सांधा ठेवायला सांगा. रुंद एकसंध फळ्यांपेक्षा चौकटीत सैल बसवलेल्या फळ्यांचा पल्ला जास्त टिकतो. लाकूड ८ ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेलं असावं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, आरामशीनवर जाताना सोबत न्या.

फिनिशसाठी मला उकळलेलं जवसाचं तेल आवडतं. जवस आपल्याच भागातलं पीक आहे, तेल लाकडात मुरतं आणि पापुद्रे निघत नाहीत. दरवर्षी एक हात द्यावा लागतो. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

प्रश्न: छप्पर कशाचं?

एकमजली घरात उष्णतेचा सगळ्यांत मोठा वाटा छपरातून येतो, म्हणून पैसे वाचवायचे तर इथे वाचवू नका. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत निवासी इमारतींच्या छपराचं यू-मूल्य (छपरातून उष्णता किती सहज आत येते त्याचं माप) १.२ पेक्षा जास्त नसावं असं म्हटलं आहे. नुसत्या सहा इंची स्लॅबचं मूल्य याच्या साधारण तिप्पट असतं. तीच संहिता नागपूरसारख्या संमिश्र हवामानात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान साडेबारा टक्के मागते. १०० चौरस मीटरच्या घराला साडेबारा चौरस मीटर, हे लक्षात ठेवा.

उतरतं छप्पर असेल तर दोन थरांचं करा: वाश्यांवर फळ्या किंवा बांबूची चटई, त्यावर उष्णतारोधक थर, मग चार इंच हवेची पोकळी आणि वर कवेलू, म्हणजे कौलं. पोकळी खाली वळचणीला आणि वर आढ्याला उघडी हवी, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. दोन्ही तोंडांना जाळी लावा.

कवेलू म्हटलं की लगेच वानरांचा विषय निघतो, आणि तो रास्त आहे. टेकडीजवळ वानरांची टोळी छपरावरून गेली की कवेलू फुटतात. विदर्भातल्या कित्येक घरांनी याच कारणाने टिन घातलं आणि उन्हाळे गरम करून घेतले. मंगलोरी कौलं तारेने रीपांना बांधली तर सरकत नाहीत. झाडाची फांदी छपरावर टेकू देऊ नका. आणि कौलाखालच्या फळ्यांवर पाणी अडवणारा पडदा घाला, म्हणजे दोन-चार फुटली तरी पाणी घरात येणार नाही.

सपाट स्लॅब असेल तर वर पांढरे चायना मोझॅक (टाइल्सच्या तुकड्यांचा थर).

प्रश्न: पाया आणि पावसाचं पाणी?

नागपुरात वर्षाला साधारण ११०० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि सखल वस्त्यांत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. उतारावर पाणी साचत नाही, पण मागून ढकलतं. मातीला टेकलेल्या भिंतीमागे आधी जलरोधक थर, मग फूटभर खडीचा पट्टा, तळाशी छिद्रांचा पाइप आणि दोन्ही टोकांना पाण्याला वाट. यातलं एकही टाळलं तर ती गार भिंत ओलीही होते आणि मग लाकूड कुजतं. घराच्या वरच्या अंगाला चर खणून येणारं पाणी बाजूने वळवा आणि खालच्या शेजाऱ्याच्या अंगणात सोडू नका. टाक्यात किंवा शोषखड्ड्यात घ्या.

नागपूरच्या पश्चिमेकडे टेकड्यांवर बहुधा मुरूम आणि काळा दगड लवकर लागतो, तो पायाला चांगला. पायथ्याशी मात्र काळी माती असते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तडे देते. प्लॉटचा अर्धा भाग मुरमावर आणि अर्धा काळ्या मातीत असेल तर माती परीक्षण केल्याशिवाय एक फावडंही मारू नका. उतार कापून सपाट करण्यापेक्षा पायऱ्यांचा पाया घ्या. माती कमी हलते, झाडं वाचतात.

प्रश्न: लाकडी घराला आगीची भीती नाही का?

आहे, आणि ती बाहेरून जास्त आहे. मार्च ते मे टेकड्यांवरचं गवत वाळतं आणि वणवे लागतात. घराभोवती किमान दहा मीटर गवत कापलेलं आणि पाचोळा झाडलेला असावा. जाड तुळई पेटली तरी बाहेरून कोळसा होतो आणि आतला गाभा बराच वेळ भार पेलतो. धोका पातळ पट्ट्यांना असतो. वायरिंग लाकडातून नेताना धातूच्या नळीतूनच न्या.

प्रश्न: एवढं सगळं केल्यावर एसी लागणार नाही का?

मेमध्ये रात्रीही पारा तिशीच्या आसपास असतो. घरात वयस्कर माणूस किंवा लहान बाळ असेल तर एका खोलीत एसी ठेवा, २६ वर लावा आणि पंखा सुरू ठेवा. बाकी घराला कूलर पुरतो, कारण उन्हाळ्यातली आपली हवा कोरडी असते. फक्त कूलरच्या समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला वाट हवी. बंद खोलीत तो नुसता दमटपणा वाढवतो. टेकडीवर पाणी मोलाचं असतं, म्हणून टाकीच्या हिशोबात कूलर धरा. सकाळी आठला सगळ्या खिडक्या बंद, रात्री दहाला उघड्या, ही सवय कोणत्याही यंत्राहून जास्त काम करते.

प्रश्न: सोलर?

जरूर. दक्षिणेकडे तोंड, साधारण २१ अंश तिरपं. एक किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेलखाली हवा खेळती ठेवली तर छपराला सावलीही मिळते. टेकडीची किंवा झाडाची सावली पॅनेलवर किती वाजता येते ते आधी पाहा.

प्रश्न: आमचं सिमेंटचं घर आधीच बांधून झालंय. आता काय करता येईल?

पहिल्यांदा गच्ची पांढरी करा. मग पश्चिमेच्या भिंतीपुढे फूटभर सोडून बांबूची किंवा लाकडी पट्ट्यांची जाळी उभी करा आणि तिच्यावर वेल चढवा. पश्चिमेच्या काचांना आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून चटई सोडा. आतला पडदा ऊन घरात आल्यावर अडवतो. दक्षिणेच्या खिडक्यांवर छज्जा नसेल तर पावणेदोन फुटांचा लाकडी छज्जा लोखंडी ब्रॅकेटवर महिन्याभरात बसू शकतो. हे काम फेब्रुवारीत हाती घ्या. एप्रिल लागला की सुतार आणि कूलरवाले दोघंही सापडत नाहीत.